ब्लॉग फेडिवर्सला जोडायचा आहे? सारखे विचारले जाणारे प्रश्न

माझ्या ब्लॉगखाली 'फेडिवर्सवर फॉलो करा' असं बटण दिसायला लागल्यापासून मेलवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत सुद्धा मला तेच तेच प्रश्न विचारले गेलेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळं इथे एकत्र लिहून ठेवतेय. मी २००९ पासून मराठीत ब्लॉग लिहिते, प्रोग्रामर नाही, आणि इथलं बहुतेक सगळं स्वतः करून बघितलेलं आहे.

फेडिवर्स म्हणजे नक्की काय? अजून एक फेसबुक?

नाही. फेसबुक एका कंपनीचं असतं, फेडिवर्स कुणा एकाचं नाहीये. आपल्याकडे गावोगावच्या दूध सोसायट्या असतात ना, प्रत्येकीचे सभासद वेगळे, चेअरमन वेगळा, नियम थोडे वेगळे, पण वरती सगळ्या मिळून एक संघ असतो, तसं काहीसं समजा. हजारो छोटे-मोठे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा मालक वेगळा, पण ते एकमेकांशी बोलू शकतात. त्यामुळे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो, उत्तर देऊ शकतो, जसं जीमेलवरून रेडिफमेलला मेल जातो तसं.

आणि इथली खरी गंमत अशी की त्यातला एक सर्व्हर म्हणजे तुमचा ब्लॉगच असू शकतो.

म्हणजे ब्लॉगला वेगळं खातं काढायचं आणि तिथे लिंक टाकत बसायचं?

हेच तर करायचं नाहीये! लिंक टाकत बसायचं असेल तर ते आपण फेसबुकवर करतोच. इथे ब्लॉग स्वतःच खातं होतो. त्याला एक हँडल, म्हणजे मेल आयडीसारखा पत्ता मिळतो, लोक मॅस्टोडॉनवरून (फेडिवर्सचं ट्विटरसारखं सॉफ्टवेअर) त्या हँडलला फॉलो करतात, तुम्ही लेख प्रकाशित केला की तो आपोआप त्यांच्या टाइमलाइनवर जातो, त्यांनी तिथे दिलेलं उत्तर तुमच्या लेखाखाली कॉमेंट म्हणून येतं. तुम्ही ब्लॉग सोडून कुठेही जायचं नाही.

हे चालतं कशावर?

अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. म्हणजे दोन सर्व्हरनी एकमेकांना 'हा लेख आला', 'याने फॉलो केलं', 'हिने उत्तर दिलं' हे कुठल्या भाषेत सांगायचं ते ठरलेलं आहे. तुम्हाला तो शिकायची गरज नाही, फक्त नाव लक्षात ठेवा कारण प्लगिन, म्हणजे ब्लॉगला जोडायचं जादा सॉफ्टवेअर, त्याच नावाने शोधायचंय.

मॅस्टोडॉन म्हणजे २०१९ मध्ये सगळे गेले होते आणि महिन्याभरात परत आले तेच ना?

हो, तेच. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टातल्या एका ज्येष्ठ वकिलांचं ट्विटर खातं बंद केल्यावर भारतातून खूप लोक रागाने तिकडे गेले होते, मीही गेले होते. आणि बरेचसे परतले हेही खरं. पण परतले का ते बघा ना, तिथे जाऊन सगळ्यांना शून्यापासून सुरुवात करायची होती, नवीन खातं, नवीन जागा, सवयीचे लोक नाहीत. ब्लॉग जोडणं हे वेगळं आहे, कारण इथे तुम्ही कुठे राहायला जात नाही. तुम्ही आहात तिथेच राहता, फक्त रस्ता होतो. तिकडे कुणी आलं नाही तरी तुमचं लिखाण तुमच्याच पत्त्यावर आहे, काहीही गेलेलं नाही.

पण माझं फेसबुक पेज चांगलं चालतंय, मग कशाला ही उठाठेव?

चालतंय तर चालू द्या, बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही. फक्त एवढं आठवून बघा. ऑर्कुटवरच्या मराठी कम्युनिटी आठवतात? ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये बंद. कू जुलै २०२४ मध्ये बंद. प्रत्येक वेळी लोकांनी लिहिलेलं तर गेलंच, पण त्याहून मोठं म्हणजे कोण कुणाला वाचत होतं ते जाळं गेलं. कविता एखाद्याने कॉपी करून ठेवली असेल, पण तिच्याखाली रात्री दोन वाजेपर्यंत चाललेली चर्चा कुठून आणणार?

माझ्या मते मराठी ब्लॉगांना सगळ्यात मोठा फटका १ जुलै २०१३ ला बसला, गूगल रीडर बंद झाला तेव्हा. तोपर्यंत मी साठ-सत्तर मराठी ब्लॉग रोज सकाळी चहाबरोबर एका जागी वाचायचे. तो बंद झाला आणि वाचक हळूहळू फेसबुकवर गेले, मग लिहिणारे त्यांच्या मागे गेले, आणि ब्लॉगांवर शेवटची पोस्ट २०१४, शेवटची पोस्ट २०१५ असं दिसायला लागलं. त्यातले कित्येक लोक आजही उत्तम लिहितात, पण फेसबुकवर, जिथे दोन वर्षांपूर्वीचं त्यांचंच लिखाण त्यांना स्वतःला शोधून सापडत नाही. म्हणून मला ब्लॉग जोडण्याची एवढी ओढ आहे. वाचकाला परत एका जागी सगळं मिळावं आणि लिहिणाऱ्याचं घर मात्र लिहिणाऱ्याच्याच नावावर राहावं, या दोन्ही गोष्टी एकत्र देणारं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

माझा ब्लॉग वर्डप्रेस डॉट कॉमवर आहे. काय करू?

तुमचं काम सगळ्यात सोपं. ऑक्टोबर २०२३ पासून तिथे ही सोय आलेली आहे आणि फुकटच्या प्लॅनवरही चालते. सेटिंग्जमध्ये डिस्कशनच्या पानावर फेडिवर्सचा पर्याय आहे, तो चालू करा, तिथेच तुमचं हँडल दिसेल, ते कॉपी करून लोकांना द्या. झालं.

स्वतःच्या होस्टिंगवर वर्डप्रेस आहे.

प्लगिनच्या यादीत अ‍ॅक्टिव्हिटीपब शोधा. मथियास फेफर्ले नावाच्या जर्मन डेव्हलपरने ते बनवलं, मार्च २०२३ मध्ये ऑटोमॅटिक कंपनीने, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉमवाल्यांनी, ते घेतलं आणि आता तेही तिथेच त्यावर काम करतात. प्लगिन फुकट आहे. इन्स्टॉल, अ‍ॅक्टिव्हेट, बस. पण त्याआधी तीन गोष्टी तपासा. एक म्हणजे साइटला कुलूपवालं एचटीटीपीएस हवंच. दुसरं, सेटिंग्जमध्ये पर्मालिंक (लेखांच्या पत्त्याची रचना) 'प्लेन' ठेवलेलं नसावं, बाकी कुठलंही चालेल. तिसरं, वर्डप्रेस मुख्य डोमेनवर आहे की आत एखाद्या फोल्डरमध्ये ते बघा. फोल्डरमध्ये असेल तर बाकीचे सर्व्हर तुमचा पत्ता मुख्य डोमेनवर विचारायला येतात आणि तिथे कुणीच नसतं, मग एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये 'वेल-नोन'चा रस्ता आतल्या फोल्डरकडे वळवावा लागतो. तो छोटासा कोड प्लगिनच्याच माहितीपानावर दिलेला आहे, स्वतः जमत नसेल तर होस्टिंगच्या सपोर्टला पाठवा, ते करून देतात.

लेखकाचं प्रोफाइल आणि ब्लॉगचं प्रोफाइल असं दोन विचारतंय, कुठलं निवडू?

एकटेच लिहीत असाल तर फक्त ब्लॉगचं. चार-पाच जण मिळून लिहिता, एक कवितेचं बघतं, एक भटकंतीचं, तर लेखकांचंही चालू करा म्हणजे ज्याला फक्त भटकंती वाचायची त्याला तेवढंच मिळेल.

एक काळजी घ्या, लेखकाचं हँडल तुमच्या वर्डप्रेसच्या युजरनेमवरून बनतं. ते 'अ‍ॅडमिन' असेल तर आधी दुसरा युजर बनवा, कारण जगाला दाखवायचं नाव म्हणून ते वाईट दिसतंच आणि लॉगिनचं नाव असं उघड्यावर टाकणं बरंही नाही. हँडल पहिल्याच दिवशी नीट विचार करून ठरवा. नंतर बदललं की जुने फॉलोअर जुन्याच नावाला चिकटून राहण्याची भीती असते.

ब्लॉगस्पॉटवर आहे हो माझा. बारा वर्षांचं लिखाण आहे.

मराठीत हेच सगळ्यात जास्त जणांचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ब्लॉगस्पॉटवर प्लगिन टाकता येत नाही, त्यामुळे तो ब्लॉग स्वतः फेडिवर्सचं खातं होऊ शकत नाही. मग दोन रस्ते उरतात.

पहिला, तिथेच राहायचं आणि फीड, म्हणजे नव्या लेखांची आपोआप बनणारी यादी, वापरायची. प्रत्येक ब्लॉगस्पॉटला फीड असते, पत्त्याच्या शेवटी फीड्स, पोस्ट्स, डीफॉल्ट असं तिरप्या रेघा देऊन इंग्रजीत लिहिलं की उघडते. मॅस्टोडॉनवर एक खातं काढायचं, आणि फीड वाचून आपोआप पोस्ट टाकणारी एखादी सेवा त्याला जोडायची. लेख आला की शीर्षक आणि लिंक जाते. अर्धंच काम होतं हे, कारण तिथे आलेली उत्तरं ब्लॉगवर येत नाहीत, तुम्हाला तिकडे जाऊन वाचावी लागतात. पण शून्यापेक्षा नक्की बरं.

दुसरा, वर्डप्रेसवर हलवायचं. ब्लॉगरच्या सेटिंग्जमधून बॅकअप डाउनलोड होतो, वर्डप्रेसचा इम्पोर्टर तो घेतो, लेख आणि कॉमेंट दोन्ही येतात. फोटो मात्र एकेक तपासा, कधी कधी ते गूगलच्याच सर्व्हरवर राहिलेले असतात आणि आपल्याला वाटतं आले. मी माझे ४०० च्या वर लेख असे हलवले, त्याला गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा वेळ लागला कारण जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेले काही लेख परत टाइप करावे लागले. घाई करू नका, आणि जुना ब्लॉग डिलीट तर अजिबात करू नका, वरती एक पोस्ट टाका नवीन पत्त्याची आणि तसाच राहू द्या. कुणाकुणाच्या बुकमार्कमध्ये तो असतो.

घोस्ट? ह्यूगो? बाकीचं काही?

घोस्ट या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरने ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत ही सोय आतच दिली. राइटफ्रीली नावाचं अगदी साधं, फक्त लिहायचं असं सॉफ्टवेअर आहे, त्यात पहिल्यापासून आहे, पण तिकडून आलेली उत्तरं लेखाखाली दिसत नाहीत. ह्यूगो, जेकिलवाल्या स्टॅटिक साइटला, म्हणजे आधीच बनवून ठेवलेल्या पानांच्या साइटला, निरोप घ्यायला मागे कुणी बसलेलंच नसतं, त्यांनी ब्रिजी फेड ही फुकट सेवा बघावी, ती तुमच्या साइटच्या वतीने फेडिवर्सशी बोलते.

मराठीत लिहिणाऱ्याने वेगळं काय बघायचं? इंग्रजी माहितीत हे कुठेच नसतं.

खरंच नसतं, आणि मी स्वतः यात सगळ्यात जास्त ठेचकाळले, म्हणून हे नीट वाचा.

सगळ्यात आधी साइटची भाषा. सेटिंग्ज, जनरलमध्ये साइटची भाषा इंग्रजी ठेवलेली असेल तर तुमचा अस्सल मराठी लेख बाहेर जाताना 'इंग्रजी' असा शिक्का घेऊन जातो. मॅस्टोडॉनवर लोक भाषेनुसार गाळणी लावू शकतात, म्हणजे ज्याने फक्त मराठी पोस्ट दाखव असं ठरवलंय त्याला तुमचा मराठी लेख दिसणारच नाही. भाषांतराचं बटणसुद्धा याच शिक्क्यावर चालतं. तेव्हा साइटची भाषा मराठी करा. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर स्वतःच्या युजर प्रोफाइलमध्ये वेगळी भाषा निवडता येते, त्याने लेखाच्या शिक्क्यावर परिणाम होत नाही.

मग लेखाचा पत्ता. शीर्षक देवनागरीत दिलं की वर्डप्रेस त्यावरूनच पत्ता बनवतो, दिसतो छान, पण आत देवनागरीचं प्रत्येक अक्षर, आणि प्रत्येक काना, वेलांटी, हलन्त सुद्धा, टक्क्याच्या चिन्हांसकट नऊ रोमन अक्षरांचा होतो. आणि पत्त्याच्या या भागाला मर्यादा २०० अक्षरांची. म्हणजे काने-मात्रे धरून फार तर बावीस. 'कोल्हापूरच्या आठवडी बाजारातली भाजी' असं शीर्षक दिलं तर पत्ता 'कोल्हापूरच्या-आठवडी-बाजा' इथेच तुटतो, करून बघा. आणि मग कुणी तो कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की टक्के आणि आकड्यांची चार ओळींची माळ येते, लोकांना वाटतं काहीतरी व्हायरस आहे, कुणी उघडत नाही. प्रकाशित करण्याआधी पत्ता हाताने छोट्या रोमन अक्षरांत लिहा. शीर्षक मराठीच राहतं, त्याला काही होत नाही. प्रकाशित झाल्यावर मात्र पत्ता बदलू नका, लेख तोपर्यंत त्या पत्त्यानिशी बाहेर गेलेला असतो.

हॅशटॅग. ब्लॉगचे टॅग हॅशटॅग बनून जातात. दोन शब्दांचा टॅग असेल तर मधली जागा जाते, 'मराठी कविता'चं 'मराठीकविता' होतं. इंग्रजीत मोठ्या-छोट्या लिपीमुळे जोडलेला शब्द वाचता येतो, आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून तीन-चार शब्दांचे टॅग वाचताच येत नाहीत. एका-दोन शब्दांत भागवा. जोडाक्षरं आणि अर्धा र असलेले टॅग काही अ‍ॅप्समध्ये मध्येच तुटतात, तेव्हा एकदा पोस्ट टाकून फोनवर आणि कॉम्प्युटरवर दोन्हीकडे बघून घ्या. आणि एक विनंती, सगळ्या लेखांना साधा 'मराठी' हा टॅग द्याच. मॅस्टोडॉनवर हॅशटॅगलाच फॉलो करता येतं, आणि नवीन माणूस आला की पहिलं तोच शोधतो.

हँडल मात्र रोमनच ठेवा. मॅस्टोडॉनवर युजरनेमला देवनागरी चालत नाही, लोकांना टाइप करून शोधायलाही रोमन सोपं. डॉट भारतवालं देवनागरी डोमेन २०१४ पासून मिळतं, मला ते मनापासून आवडतं, पण हँडल म्हणून वापरलं की काही ठिकाणी त्याचं अगम्य रोमन रूप दिसतं. हवं तर घेऊन ठेवा आणि मुख्य डोमेनकडे वळवा. दाखवायचं नाव आणि परिचय अर्थातच देवनागरीत, तिथे काही अडचण नाही.

सगळं केलं, पण मॅस्टोडॉनवर शोधलं तर माझा ब्लॉग सापडतच नाही!

आधी पूर्ण हँडल टाकून शोधताय का बघा, नाव, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग डोमेन. नुसतं ब्लॉगचं नाव टाकून सापडणार नाही, कारण त्या सर्व्हरने तुमचं नाव अजून ऐकलेलंच नाहीये. आणि शोधताना लॉगिन केलेलं असावं. तरी नाही सापडलं तर वर्डप्रेसमध्ये टूल्सखाली साइट हेल्थ उघडा, हे प्लगिन तिथे स्वतःच्या दोन-तीन तपासण्या लावतं आणि कुठे अडलंय ते बऱ्यापैकी सांगतं.

बहुतेक वेळा गुन्हेगार दोघांपैकी एक असतो. एक म्हणजे सुरक्षेचं प्लगिन, ते बाहेरून येणाऱ्या अनोळखी विनंत्या अडवतं, आणि फेडिवर्सचा सगळा व्यवहारच तशा विनंत्यांवर चालतो. दुसरा कॅशे, म्हणजे साइट लवकर उघडावी म्हणून तयार पानं साठवून ठेवणारी सोय.

कॅशेचं माझ्या बाबतीत झालेलं सांगते म्हणजे तुम्ही वाचाल. एकाच पत्त्यावर माणूस आला तर ब्लॉगने वेब पान दाखवायचं आणि दुसरा सर्व्हर आला तर तोच लेख त्याला कळेल अशा कोड स्वरूपात द्यायचा, असं हे काम असतं. माझ्या कॅशेला हा फरक कळत नव्हता. एक दिवस आधी कुठलातरी सर्व्हर येऊन गेला, कॅशेने ते कोडचं रूपच साठवलं आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक माणसाला तेच वाढलं. नाशिकहून आत्याचा फोन, "अगं तुझ्या ब्लॉगवर सगळे कंस आणि अवतरण चिन्हं दिसतायत, कुणी हॅक केलंय का?" आईच्या हातच्या फणसाच्या भाजीवर लिहिलेला लेख होता तो, दीड दिवस लोकांनी कंस बघितले, मला आजही वाईट वाटतं. उपाय असा की कॅशेच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅक्सेप्ट' हेडरनुसार वेगवेगळं साठव असं सांगायचं, किंवा अ‍ॅक्टिव्हिटीपबला ओळखणारं कॅशे वापरायचं. मध्ये सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर तिथेही तेच तपासा.

माझे जुने लेख तिथे दिसत नाहीत.

दिसणार नाहीत. कुणीतरी फॉलो केल्यानंतर प्रकाशित झालेले लेख त्यांच्याकडे जातात. जुन्या लेखाची लिंक मॅस्टोडॉनच्या शोधपेटीत टाकली तर तो एकेक करून तिकडे येतो आणि मग त्याला उत्तर देता येतं, बूस्ट (म्हणजे आपल्या फॉलोअरकडे पुढे पाठवणं) करता येतं. शंभर जुने लेख एकदम ढकलायची युक्ती विचारू नका, लोकांच्या टाइमलाइनवर पूर येतो आणि ते अनफॉलो करतात.

अख्खा लेख पाठवू की नुसती लिंक?

यावर खूप वाद आहेत. मॅस्टोडॉनवर लिहायला ५०० अक्षरांची मर्यादा असली तरी बाहेरून 'नोट' प्रकारात आलेला लांब लेख तिथे पूर्ण दिसतो, 'पुढे वाचा' करून; 'आर्टिकल' प्रकारात गेला तर मात्र शीर्षक, सारांश आणि लिंकच दिसते. म्हणजे तांत्रिक अडचण नाही. माझं मत अख्खा लेख पाठवा. लोक म्हणतात मग ब्लॉगवर कोण येईल, पण वाचणं महत्त्वाचं की भेटींचा आकडा? जाहिरातींवर घर चालत असेल तर गोष्ट वेगळी, मग पहिला परिच्छेद आणि लिंक पाठवा, प्लगिनमध्ये साचा बदलता येतो. फोटो खूप असलेले लेख, पाककृती, किंवा ज्यात तक्ते आहेत असे लेख मीही लिंकनेच पाठवते कारण मांडणी तिकडे विस्कटते.

आणि एखादा लेख पाठवायचाच नसेल तर?

एडिटरमध्ये उजवीकडे फेडिवर्सचा छोटा कप्पा असतो, तिथे त्या लेखापुरतं बंद करता येतं. प्रकाशित करण्याआधी, नंतर नाही.

कॉमेंटचं कसं चालतं?

मला स्वतःला सगळ्यात जास्त आनंद यातच मिळालाय. कुणी मॅस्टोडॉनवरून उत्तर दिलं की ते लेखाखाली नेहमीच्या कॉमेंटसारखं येतं, आधी तुमच्या मंजुरीच्या रांगेत. तुम्ही लॉगिन करून त्याला ब्लॉगवरूनच उत्तर दिलंत की ते त्यांच्या फोनवर पोचतं. बूस्ट आणि लाइकही लेखाखाली दाखवता येतात. फक्त एक लक्षात घ्या, ब्लॉगवर थेट येऊन फॉर्म भरून कुणी वाचकाने दिलेली कॉमेंट तिकडे जात नाही, कारण त्या वाचकाचं फेडिवर्सवर खातं नसतं. त्यामुळे कधी कधी दोन बाजूच्या लोकांना अर्धीच चर्चा दिसते. मग मी उत्तरात समोरच्याचा मुद्दा एका वाक्यात परत लिहिते.

आणि ट्रोल आले तर?

कॉमेंटची मंजुरी चालूच ठेवा. एखाद्या माणसाला किंवा अख्ख्या सर्व्हरला ब्लॉक करता येतं. मराठीत मला तरी तिकडे अजून शिवीगाळ आली नाही, स्पॅम येतो, तो स्पॅमच्या प्लगिनने जातो.

लेख डिलीट केला तर सगळीकडून जातो का?

ब्लॉग सगळ्या सर्व्हरना 'हा काढा' असा निरोप पाठवतो, बहुतेक जण ऐकतात, पण सक्ती कुणावरच नाही. सुधारणा केली तर तिचाही निरोप जातो. कुणाबद्दल खाजगी काही लिहिणार असाल तर प्रकाशित करण्याआधीच दोनदा विचार करा, नंतर मागे घेता येईल या भरवशावर राहू नका.

ब्लूस्कायवर पण जायला हवंय. आणि थ्रेड्स?

ब्लूस्काय वेगळ्या प्रोटोकॉलवर चालतं, त्याला एटी प्रोटोकॉल म्हणतात, त्यामुळे थेट बोलणं होत नाही. मध्ये पूल लागतो, आणि तो म्हणजे वर सांगितलेली ब्रिजी फेडच. तुमच्या फेडिवर्स खात्यावरून पुलाच्या खात्याला फॉलो केलं की ब्लूस्कायवर तुमची प्रतिकृती तयार होते. वर्डप्रेसच्या प्लगिनमध्ये आधी कुणाला फॉलो करायची सोयच नव्हती, आता आलीय, म्हणून प्लगिन अद्ययावत ठेवा. ब्लूस्कायवर ३०० अक्षरांची मर्यादा आहे त्यामुळे तिकडे लांब लेख कापून जातो, लिंकसकट. ब्लूस्कायची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे स्वतःचं डोमेनच हँडल म्हणून लावता येतं, म्हणजे ब्लॉगचा पत्ता आणि तुमचं नाव एकच.

थ्रेड्सने मार्च २०२४ मध्ये अमेरिका, कॅनडा, जपानपासून फेडिवर्सला जोडायला सुरुवात केली, पण ते अजून अर्धवटच वाटतं मला. त्यावर विसंबून काही ठरवू नका.

वर्षाला दीड-दोन हजारवालं होस्टिंग आहे, झेपेल का?

शे-दोनशे फॉलोअरला आरामात. जास्त जागा लागत नाही. फक्त एखादा लेख खूप बूस्ट झाला तर प्रत्येक सर्व्हर लिंकचं चित्र आणि शीर्षक घ्यायला एकाच वेळी तुमच्या दारात येतो आणि साइट दोन-चार मिनिटं धापा टाकते, त्याला नीट लावलेलं कॅशे हाच इलाज.

आणि एक बारीक गोष्ट. वर्डप्रेसची पाठवणीची कामं साइटवर कुणी आलं की मगच सुरू होतात. ब्लॉगवर दिवसाला पाचच माणसं येत असतील तर लेख तासन्‌तास अडकून पडतो, आणि आपल्याला वाटतं प्लगिन बिघडलं. होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलमधून दर पाच मिनिटांनी चालणारा क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, लावून घ्या, प्रश्न मिटतो.

होस्टिंग बदलतेय, काय काळजी घेऊ?

होस्टिंग बदला, डोमेन नको. डोमेन म्हणजेच तुमची ओळख आहे, ते तेच राहिलं तर फॉलोअरना कळतही नाही की मागे सर्व्हर बदलला. हलवताना नुसती एक्सपोर्ट फाइल घेऊ नका, अख्खा डेटाबेस घ्या. कारण प्रत्येक हँडलला स्वतःची एक गुप्त किल्ली असते, ब्लॉग प्रत्येक निरोपावर तिने सही करतो, आणि ती किल्ली एक्सपोर्ट फाइलमध्ये येत नाही. नवीन जागी नवीन किल्ली बनली की बाकीच्या सर्व्हरना तुमची सही ओळखू येत नाही आणि काही काळ तरी निरोप नाकारले जातात. आणि डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख फोनमध्ये टाका, मेलवर विसंबू नका, त्या कंपन्यांचे मेल प्रमोशनच्या कप्प्यात जाऊन पडतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं डोमेन असंच गेलं, आज तिथे जुगाराची जाहिरात आहे.

खरं सांगा, किती मराठी लोक आहेत तिकडे?

थोडे. फेसबुकशी तुलना केलीत तर पदरी निराशाच येईल. पण मला पहिल्या वर्षात जी तीस-चाळीस माणसं मिळाली ती लेख शेवटपर्यंत वाचणारी होती. बार्सिलोनात राहणाऱ्या एका मुलीने माझ्या पिठल्याच्या लेखाखाली तिच्या आजीची पद्धत लिहिली, कुळथाच्या पिठाची, कोकमं घालून, आणि त्याखाली सावंतवाडीच्या एका काकांनी तिला दुरुस्त केलं. दोघंही माझ्या ब्लॉगवर कधी आले नव्हते. इथे पोस्ट वर ढकलणारं अल्गोरिदम नाही, म्हणून लोकांना शोधून फॉलो करावं लागतं, त्यांच्या लिखाणाला उत्तर द्यावं लागतं. पूर्वी एकमेकांच्या ब्लॉगवर जाऊन कॉमेंट द्यायचो तसंच.

शेवटचा प्रश्न. माझे बाबा लिहायचे, आता ते नाहीत. त्यांचा ब्लॉग जोडू का?

हा प्रश्न मला दोघांनी विचारला आणि दोन्ही वेळा मी आधी विचार करून दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. वर मी डोमेन म्हणजेच तुमची ओळख असं सांगितलं, पण इथे उलटं सांगेन. बाबांचा ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर असेल तर तो तिथेच राहू द्या. फुकटच्या पत्त्याला दरवर्षी पैसे भरणारं कुणी लागत नाही, स्वतःच्या डोमेनला लागतं, आणि एक वर्ष विसरलात की सगळं गेलं. त्यांच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे असेल तर आजच बॅकअप डाउनलोड करून दोन ठिकाणी ठेवा, आणि इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये मुख्य पानं जतन करा, पत्ता टाकून बटण दाबायचं एवढंच असतं. डोमेन आधीच असेल तर एकदम दहा वर्षांचे पैसे भरता येतात, ते भरून टाका.

आणि जोडायचंच असेल तर त्यांचं लिखाण तुमच्या ब्लॉगवर त्यांच्या नावाचा वेगळा लेखक बनवून आणा, महिन्याला एक, मूळ तारीख लेखात वरती लिहून. मूळ तारखेलाच प्रकाशित केलंत तर जुना लेख म्हणून तो बाहेर जाणार नाही, म्हणून तारीख आजचीच द्या. ज्यांनी मला विचारलं त्यातल्या एकीने असं सुरू केलंय. तिच्या बाबांचा एसटीतल्या नोकरीवरचा २०११ चा लेख मागच्या महिन्यात माझ्या टाइमलाइनवर आला, पंढरपूरच्या जादा गाड्यांवरचा, आणि त्याखाली त्यांच्याच डेपोत काम केलेल्या एका माणसाचं उत्तर होतं. तिने ते मंजूर केलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला.